वरच्या आळीत पायरीपर्यंत, आमच्याकडं आढ्यापर्यंत

प्रश्न : ताई, आमचं गाव परंडा तालुक्यात, सीनेच्या काठाला. २०२५ च्या सप्टेंबरात रात्रीतून पाणी आलं. वरच्या आळीत पायरीपर्यंत आलं अन आमच्या वस्तीत आढ्यापर्यंत. आम्हाला रान नाही, दुसऱ्याचं बटईनं करतो, घर पत्र्याचं. पंचनाम्याला आलेले सातबारा मागून निघून गेले. टीव्हीवर म्हणतात हवामान बदललंय. हवामान तर सगळ्यांचंच बदललं ना, मग बुडालो आम्हीच कसं?
– एक वाचक, जि. धाराशिव

उत्तर : दादा, हवामान सगळ्यांचं बदललं हे खरंय, पण गावातली जागा सगळ्यांना सारखी वाटून दिलेली नव्हती.

आधी पावसाचं सांगते. हवा १ अंशानं तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, त्यात अरबी समुद्रही तापलाय, म्हणून महिनाभराचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो आणि मधे नुसती उघडीप. २०१७ च्या एका अभ्यासात आलंय की मध्य भारतात मोठ्या भागावर असा अतिमुसळधार पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ मधे तिपटीनं वाढल्या. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि २०२५ ला जायकवाडी धरणातून ३ लाख क्युसेकच्या वर पाणी सोडावं लागलं, दोन्ही आपल्याच मराठवाड्यात.

आता जागेचं. जुनं कुठलंही गाव बघा, गढी, वाडे, देऊळ पांढरीवर, म्हणजे उंचावर, आणि ज्यांना जातीमुळं गावाबाहेर ठेवलं त्यांच्या वस्त्या ओढ्याकडच्या उताराला. नंतर जे पोटापाण्यासाठी आले, ज्यांच्याकडं प्लॉटला पैसे नव्हते, तेही तिथंच टेकले. म्हणजे पाणी कुणाच्या घरात शिरणार हे पाऊस यायच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. पूर गेल्यावर मी सिंदफणेकाठच्या एका गावात गेले होते तर एका मावशींनी पत्र्यावर ज्वारी पसरली होती, सगळ्या दाण्यांना कोंब आलेले, आणि त्या रेशनकार्डाची पानं एकेक करून सोडवत होत्या, फाटू नयेत म्हणून पानांमधे कोरड्या चिंध्यांची पट्टी घालत. भिंतीवरची चिखलाची रेघ त्यांच्या डोक्याच्या वर होती. मला ती रेघ विसरता येत नाही.

आणि मग मदत येते तीही कागद बघून. कोरडवाहू पिकाला केंद्राच्या निकषानं हेक्टरी ८,५०० रुपये, पण सातबाऱ्यावर नाव असलेल्याला, ज्यानं पेरलं, खुरपलं, फवारलं त्या बटईदाराला नाही. पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, पण घर अधिकृत पाहिजे, आणि झोपडी लिहिली की ८ हजार. एका शब्दानं एवढा फरक पडतो दादा, म्हणून पंचनाम्यात तुमच्या घराच्या नोंदीपुढं तलाठी काय लिहितो ते उभं राहून बघा.

करायचं काय? चिखलाची रेघ पुसायच्या आधी फोटो काढलेत का? नसतील तर अजून जे दिसतंय त्याचे काढा. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा, घराची नोंद असली तर हातात काहीतरी राहील. घर वाहून गेलं किंवा पूर्ण पडलं असेल तर कपड्यांना २,५०० आणि भांड्यांना २,५०० असतात, शेळी गेली तर ४,००० आहेत, याला रान असावं लागत नाही, तरी मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. तहसीलला अर्ज लेखी द्या, वस्तीतल्या सगळ्यांनी मिळून द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

ग्रामसभेत दोन विषय मांडा, घरातल्या बायकांनाही सोबत न्या, कारण पाणी भरल्यावर लेकरं अन धान्य त्याच उचलत असतात. एक, वस्तीला उंचावरची सरकारी जागा मिळावी असा ठराव. आणि दुसरं, पुराचा भोंगा देवळावर न लावता तुमच्या वस्तीत लावा म्हणावं, पाणी आधी तिथंच येतं.