‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’वर लिहायला बसण्यापूर्वी

प्रिय मुली,

तुझा मसुदा वाचला. मेहनत घेतली आहेस हे दिसतं. पण तू लेखाचे दोन भाग पाडलेस, आधी आवडलेलं आणि मग न पटलेलं, आणि तिथेच लेख लंगडा पडला आहे. 1959च्या या हेरपटाचे गुण आणि दोष असे वेगळे काढता येत नाहीत. आल्फ्रेड हिचकॉक आणि पटकथाकार अर्नेस्ट लेहमन यांनी जिथे जिथे तर्क सोडला, तिथे त्या बदल्यात काहीतरी पदरात पाडून घेतलं. बहुतेक ठिकाणी सौदा फायद्याचा झाला, दोन-तीन ठिकाणी साफ आतबट्ट्याचा. कुठे काय झालं हे दाखवणं, हे तुझ्या लेखाचं काम.

आधी एक तपासून घे. तू पाहिलेली प्रत किती मिनिटांची आहे? चित्रपट 136 मिनिटांचा आहे. तुझी प्रत 130-131 मिनिटांची निघाली तर बहुधा काही कापलेलं नाही, युरोपीय टीव्हीसाठी सेकंदाला 24 ऐवजी 25 चौकटींनी चालवलेली ती प्रत आहे. त्यात सगळं चार टक्क्यांनी घाईत घडतं आणि आवाजही किंचित चढा लागतो. अशा प्रतीवरून लयीबद्दल एक वाक्यही लिहू नकोस. चित्र जुन्या टीव्हीसारखं चौकोनी दिसत असेल तर तीही प्रत बाजूला ठेव, कारण बाजूंची छाटणी झालेली असू शकते आणि या चित्रपटात रिकामी जागा हाच अर्धा खेळ आहे. तो व्हिस्टाव्हिजनमध्ये चित्रित झालाय. त्या पद्धतीत 35 मिलिमीटरची फिल्म कॅमेऱ्यातून आडवी धावते आणि एका चौकटीला फिल्मच्या कडेच्या चार ऐवजी आठ छिद्रांची लांबी मिळते. चौकटीचं क्षेत्रफळ दुपटीहून मोठं, म्हणून क्षितिजावरचा ठिपकाही स्वच्छ दिसतो.

आता तो माळरानावरचा प्रसंग. तू त्याला ‘थरारक’ म्हणून दोन ओळींत उरकलंस. घड्याळ लावून पुन्हा बघ. सगळा प्रसंग साधारण नऊ-साडेनऊ मिनिटांचा आहे आणि विमान अंगावर येईपर्यंत जवळपास निम्मा वेळ काहीच घडत नाही. पहिलं चित्र खूप उंचावरून आहे: सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना उजाड शेतं. बस येते, नायक रॉजर थॉर्नहिलला उतरवते, निघून जाते. हेर ज्याला जॉर्ज कॅप्लन समजून मागे लागलेत तो हाच, आणि खऱ्या कॅप्लनला भेटायला तो इथे आलाय. मग तो बघतो, त्याला काय दिसतं ते आपण बघतो, पुन्हा त्याचा चेहरा. एक गाडी येते आणि सुसाट जाते. दुसरी विरुद्ध दिशेने येते, तीही जाते. ट्रक जातो आणि त्याच्या अंगावर धूळ उडवतो. दर वेळी वाटतं, हाच तो माणूस, आणि दर वेळी नाही. अखेर समोरच्या बाजूला एक माणूस उतरतो. दोघं रस्त्याच्या दोन कडांना उभे. तो बसची वाट बघणारा साधा प्रवासी निघतो आणि बसमध्ये चढता चढता सहज म्हणतो, की ते विमान जिथे पीकच नाही तिथे फवारणी करतंय. बस जाते. मैदानात विमान आणि थॉर्नहिल एवढेच उरतात.

पार्श्वसंगीत बंद करून बघायचा विचार असेल तर तसदी घेऊ नकोस, तिथे संगीत नाहीच. बर्नार्ड हरमनचं संगीत इतरत्र इतकं आक्रमक आहे, पण इथे विमान टँकरवर आदळून स्फोट होईपर्यंत ते थांबलेलं आहे. इंजिनाचा आवाज लांबून येतो, मोठा होतो, विरतो. कागदावर तीन रकाने आखून प्रत्येक शॉटची नोंद कर: किती सेकंद, कोण बघतंय, कोणता आवाज. वीस-पंचवीस शॉट झाले की भीती कशी रचली जाते ते तुला आपोआप दिसेल, विशेषणं शोधावी लागणार नाहीत.

या प्रसंगावरचा तुझा आक्षेप बरोबर आहे. एका माणसाला मारायला शिकागोहून दीड तासाच्या बसप्रवासावर पाठवायचं, वर शेतीचं विमान आणि त्यातून गोळीबार, यात काय शहाणपण? रेल्वे स्टेशनवर सुरी चालवली असती तर काम झालं असतं. पण ‘अतार्किक’ म्हणून सोडू नकोस, त्यातून काय मिळालं ते लिही. हेरपटात माणूस मरतो तो रात्री, ओल्या गल्लीत, दिव्याच्या खांबाखाली. हिचकॉकने ते सगळं काढून टाकलं. भर दुपार, ऊन, लपायला ना भिंत ना सावली. शहरातल्या जाहिरात कंपनीचा साहेब करड्या सूटमध्ये तिथे उभा आहे आणि त्याची हुशार जीभ ऐकायला कोणी नाही. तर्काचा एवढा बळी देऊन हे मिळत असेल तर द्यावाच.

आणि याच चित्रपटात तर्क काटेकोर सांभाळलेल्या जागाही आहेत, त्या तुझ्या नजरेतून सुटल्या. माळरानातून वाचून तो शिकागोच्या हॉटेलात येतो, जॉर्ज कॅप्लनची चौकशी करतो. कारकून सांगतो, ते सकाळी 7 वाजून 10 मिनिटांनीच निघून गेले. मग त्यानंतर फोनवर कॅप्लनशी बोलले असं सांगणारी, आगगाडीत भेटलेली ईव्ह कोणाशी बोलत होती? चेहऱ्यावर एक क्षण, आणि सगळा उलगडा. खोलीत तो कोऱ्या वहीवर पेन्सिल घासून आधीच्या कागदावरचा पत्ता वाचतो. काड्यापेटीच्या पाकिटाचंही बघ. आगगाडीच्या डायनिंग कारमध्ये त्यावरची आर.ओ.टी. ही आद्याक्षरं ईव्हला आणि आपल्याला दाखवली जातात, तीही विनोदाच्या ओघात. तासाभराहून अधिक वेळाने, डोंगरावरच्या घरात, थॉर्नहिल तेच पाकीट, आत ईव्हसाठी इशारा लिहून, वरच्या मजल्यावरून खाली टाकतो. ते जमिनीवर पडतं. खलनायक वॅनडॅमच्या हस्तकाच्या, लेनर्डच्या नजरेला पडतं, तो उचलतो आणि सवयीने टेबलावर ठेवून देतो. ईव्ह बघते. एकही शब्द नाही. आधी पेरणी, मग विसर पडू देणं, मग कापणी, आणि मधे शत्रूच्याच हातून निरोप पोचवणं. लेहमनचं कसब शिकायचं असेल तर हा अर्धा मिनिट पाठ कर.

कॅप्लन नावाचा माणूसच नाही, हे गुपित आधी फोडलं म्हणून तू नाराज आहेस. संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीतल्या खुनानंतर लगेच गुप्तचरांची बैठक येते आणि आपल्याला सगळं सांगून टाकते. लपवून ठेवलं असतं तर शेवटी एक धक्का मिळाला असता, पाच सेकंदांचा. आधी सांगितल्यामुळे पुढचा तासभर आपण अस्तित्वातच नसलेल्या माणसाला शोधणाऱ्याकडे बघत जीव मुठीत धरून बसतो. म्हणूनच पुढे विमानतळावर गुप्तचरांचा प्रमुख, प्रोफेसर, थॉर्नहिलला खुलासा करतो तेव्हा इंजिनांच्या घरघरीत शब्द बुडवून टाकता येतात. आपल्याला माहीत असलेलं पुन्हा ऐकवण्यात वेळ गेला नाही.

थॉर्नहिलला दारू पाजून गाडीत बसवतात त्या प्रसंगाला तू ‘बनावट दिसतं’ म्हणालीस. दिसतंच. पण का ते सांगितलंस तर वाचक तुझ्यावर विश्वास ठेवेल. स्टुडिओत उभ्या गाडीमागे पारभासक पडदा असतो, त्यावर मागच्या बाजूने आधी चित्रित केलेला रस्ता प्रक्षेपित करतात. प्रोजेक्टर आणि कॅमेऱ्याची झडप एकाच तालात उघडझाप करावी लागते, नाहीतर पडदा लुकलुकतो. मागचं चित्र दुसऱ्यांदा छापलं जातं, म्हणून ते फिकं आणि भरड होतं. रस्ता वळतो तरी नटाच्या तोंडावरचा उजेड एकाच बाजूने येत राहतो. डोळा नेमकं हेच पकडतो. माळरानातही काही जवळचे शॉट स्टुडिओतले आहेत, पण तिथे खटकत नाही. आजूबाजूला कॅलिफोर्नियातल्या खऱ्या जमिनीचे शॉट आहेत (कथेत ती इंडियाना आहे) आणि कापाकापी इतकी जलद की डोळ्याला उसंत नाही. जॉर्ज टोमासिनीच्या संकलनाचं नाव इथे यायला हवं.

अडचणीतून निघालेल्या वाटाही बघ. संयुक्त राष्ट्रांनी चित्रीकरणाला परवानगी दिली नाही, म्हणून थॉर्नहिलचं काम करणारा केरी ग्रँट पायऱ्या चढून आत जातो तो शॉट लपवलेल्या कॅमेऱ्याने घेतला आणि आतलं दालन स्टुडिओत उभारलं. खुनानंतर इमारतीच्या माथ्यावरून खाली मुंगीएवढा थॉर्नहिल टॅक्सीकडे पळतो, तो बराचसा रंगवलेला देखावा आहे. परवानगी मिळाली असती तर हा शॉट कदाचित झालाही नसता. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेल्या माउंट रशमोर डोंगरावरही मारामारी चित्रित करू दिली नाही, त्यामुळे दगडी चेहऱ्यांचे भाग एम.जी.एम.च्या स्टुडिओत बांधले. वॅनडॅमचं ते पुढे झेपावलेलं घर तर कुठेच नव्हतं, सेट आणि रंगवलेली चित्रं. राष्ट्रीय स्मारकाच्या पाठीमागे एका हेराचं घर आणि खासगी धावपट्टी, हे कोणाच्या गळी उतरेल? पण कलादिग्दर्शक रॉबर्ट बॉइलने त्या घराला ज्या तिरक्या तुळया दिल्या, त्यांच्यावरून नायक चढतो आणि आतलं बोलणं ऐकतो. घरच कथानक पुढे नेतं.

आतबट्ट्याचे सौदेही सांगते, कारण आवडत्या चित्रपटाची पाठराखण करताना तू तिथे गप्प बसली आहेस.

सगळ्यात मोठा ईव्हचा. आगगाडीत तीच सूत्रं हलवते, संवादात नायकाच्या पुढे एक पाऊल असते, आणि इव्हा मरी सेंट तो थंडपणा सुरेख सांभाळते. ती दुहेरी हेर आहे हे कळल्यावर पटकथेने तिला अधिक काम द्यायला हवं होतं. झालं उलटं. तिने घरात बसून वाट बघायची, त्याने सोडवायला यायचं, आणि कड्यावर तिचा हात त्याच्या हातात. पात्राचं वय 26, सेंट तेव्हा चौतिशीत, ग्रँट चोपन्न-पंचावन्नचा. त्याच्या आईचं काम करणारी जेसी रॉइस लँडिस त्याच्याहून जेमतेम सात-आठ वर्षांनी मोठी. आईचा विनोद यामुळे उलट खुलतो, पण नायिकेच्या बाबतीत या तफावतीचा फायदा काहीच नाही.

दुसरा लेनर्डचा. मार्टिन लँडॉने त्याला मालकावर जीव असलेला माणूस म्हणून उभं केलं. त्यातून लेनर्डच्या मत्सराला आणि शेवटच्या बिनगोळीच्या पिस्तुलाच्या प्रसंगाला धार येते हे खरं. पण त्या काळच्या हॉलिवूडमध्ये असा माणूस खलनायकच असायचा, ही सवय या चित्रपटानेही मोडली नाही. तिसरा रशमोरचा. ब्लॅक हिल्सचा तो डोंगर 1868च्या तहाने तिथल्या मूळ रहिवासी लकोटांचा ठरला होता आणि नंतर हिसकावला गेला. चित्रपटाला तो फक्त उंच आणि ओळखीचा हवा होता. एवढं एका वाक्यात नोंदव, त्यावर वेगळा लेख होईल.

वॅनडॅम कोणत्या देशासाठी काम करतो हे सांगितलेलं नाही, हेरांनी मूर्तीत लपवलेल्या मायक्रोफिल्मवर काय आहे तेही नाही. याला तू ढिलाई म्हणालीस. माझ्या मते हा चित्रपटाचा शहाणपणा आहे. शीतयुद्धातले बरेच हेरपट त्यांच्या भाषणांमुळे जुने झाले, इथे भाषणच नाही. उलट, एका स्त्रीला असं वापरून घ्यावं लागत असेल तर काही शीतयुद्धं हरायला शिका, असं नायक आपल्याच सरकारच्या माणसाला सुनावतो. 1959 साली हे वाक्य हलकं नव्हतं.

शेवट घाईचा आहे का? आहे. लेनर्डला गोळी लागते, मूर्ती फुटते, खलनायक पकडला जातो, आणि कड्यावरून ओढलेला हात थेट आगगाडीच्या वरच्या बर्थवर येऊन पोचतो. पण दोन तासांच्या पाठलागानंतर निरवानिरव कोणाला हवी होती? तिला ‘मिसेस थॉर्नहिल’ म्हणणं मात्र सेन्सॉरच्या समाधानासाठी आहे. डायनिंग कारमधलं ईव्हचं एक वाक्यही असंच नंतर बदललंय. ओठ बघ, आवाजाशी जुळत नाहीत.

आता लिहिताना. कथासार 120 शब्दांच्या आत बसव. सुरुवात एका शॉटच्या नेमक्या वर्णनाने कर, दिग्दर्शकाच्या जन्मापासून नको. ‘काळाच्या पुढे’, ‘मास्टरपीस’ हे शब्द खोडून टाक. तीन ऑस्कर नामांकनं (पटकथा, संकलन, कलादिग्दर्शन) आणि एकही पुरस्कार नाही, ही माहिती हवी तर एका ओळीत दे. इंटरनेटवरच्या चुकांच्या याद्या वाचू नकोस. कॅफेटेरियात गोळी सुटण्याआधीच मागे बसलेला मुलगा कानात बोटं घालतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लिहायचंच असेल तर त्याचं कारण दे: तालमीत त्याने तो आवाज आधी ऐकला असणार, आणि संकलकाने पुढच्या माणसांच्या अभिनयासाठी तोच टेक ठेवला असावा. ‘असणार’ आणि ‘असावा’ हे दोन्ही शब्द तसेच राहू देत.

पहिल्यांदा बघताना थांबू नकोस. दुसऱ्यांदा वही घेऊन बघ, तिसऱ्यांदा फक्त आगगाडी, माळरान आणि लिलाव. लिलावावर तुझ्या मसुद्यात एक ओळही नाही. चहूबाजूंनी घेरलेला माणूस वेड्यासारख्या बोली लावून स्वतःला पोलिसांच्या हवाली करून घेतो. जाहिरातवाल्याची बडबड हेच त्याचं हत्यार ठरतं ते इथे. माळरानात निकामी झालेली जीभ लिलावात त्याला वाचवते, हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून दोन परिच्छेद लिही आणि आधी तेवढेच मला पाठव.