'तुला कुठं संसार आहे?'

"दादा कुणात मिसळत नाही, म्हणून हे झालं. त्याला काही आजार आहे का हो?" कोल्हापूरच्या एक बाई थोरल्या भावाला माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आल्या, त्या हे विचारतच. घरातल्या अबोल माणसाबद्दल हा प्रश्न मला वरचेवर येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

दादा साठीचे. लग्न केलं नाही. माडीवर राहायचे, रंगवायचे. फोनसुद्धा नव्हता. डबा, रंग, कॅनव्हास सगळं भाचा आणून द्यायचा आणि चित्रंही तोच विकायचा. धंद्यात देणं झालं तसं त्यानं मामाकडून एका दिवंगत चित्रकाराच्या पद्धतीची निसर्गचित्रं करून घेतली. आधी हौस म्हणून. मग खाली त्या चित्रकाराची सही आणि १९०८ साल घालायला लावलं. गिऱ्हाइकानं तक्रार केली आणि दोघांच्या नावानं पोलिसांची नोटीस आली.

नक्कल करून हात बसवणं हा गुन्हा नव्हे. दुसऱ्याच्या नावावर खपवणं ही फसवणूक, आणि दादांना ते कळत होतं. "सही माझ्याच हातची," एवढंच म्हणाले आणि अंगठ्याच्या नखातला निळा रंग कोरत बसले.

बाई मध्येच बोलल्या, "दादा, तुला कुठं संसार आहे? पोराचं लग्न ठरलंय. तू घे अंगावर."

दादांनी मान डोलावली. मला तिथं धस्स झालं. बाई दुष्ट नव्हत्या, आठ रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. पण बिनलग्नाच्या, एकट्या माणसाचं नुकसान आपल्याकडे घर नुकसानीत धरतच नाही.

दुसऱ्या वेळी दादांना एकट्यांनाच बोलावलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पांढरा मी टायटॅनियमचा लावलाय. तो बाजारात आला १९२० च्या सुमाराला. चित्रावर साल १९०८. तपासणाऱ्याला कळणारच." भाच्याला तोंडावर नाही म्हणता आलं नाही, ते त्यांनी रंगात म्हणून ठेवलं होतं. पुढच्या बैठकांत आम्ही ते तोंडानं म्हणायचा सराव केला. "नाही, मी करणार नाही." पहिल्या दिवशी आवाजच फुटेना.

बाईंना मी विचारलं, चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तळ्याच्या काठाला एकटे राहिले, त्यांना कोल्हापुरात कुणी आजारी म्हणतं का? एकांत आवडणं हा आजार नाही. जेवणखाण सुटलं, झोप उडली, आवडतं काम हातातून गेलं, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, मरणाची भाषा आली, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. दादांचं यातलं काहीच नव्हतं. त्यांच्या माडीचा जिना वर्षानुवर्षं एकच माणूस चढत होता, धोका तिथं होता. डबा ज्याच्या हातून येतो त्याला नाही म्हणणं फार जड जातं.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्याला ओढून लग्नकार्यांत बसवू नका. त्याच्याकडे दोघं-तिघं जाऊ द्या, आणि पैशाचा हिशेब त्याला स्वतःला दिसू द्या.

नोटीस आलीच, तर मामा-भाच्यांना एकच वकील नको, दोघांचं हित वेगळं असतं. दादांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळाला. त्यासाठी १५१०० वर फोन करता येतो. जे केलं ते दादांनी जबाबात सांगितलं, जे केलं नाही ते अंगावर घेतलं नाही. बहिणीला हे पचायला वेळ लागला, माझ्याशीही महिनाभर बोलल्या नाहीत.

केस चालू आहे. भाचा मामाशी बोलत नाही. बाई मात्र दर गुरुवारी भाकरी बांधून माडी चढतात आणि जिन्यात पाय दुखले की दादांना खाली बोलावतात. कधी ते येतात. कधी वरूनच म्हणतात, "आज नाही."