पहिल्यांदाच हॉलच्या भिंतीला लाकडी पॅनेलिंग करायचं आहे, स्वतः जमेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ठाण्यात चौथ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट आहे, सोफ्यामागच्या भिंतीला लाकडी पट्ट्या लावायच्या आहेत, घरात ड्रिल आहे पण फोटोफ्रेम टांगण्यापलीकडे ते कधी वापरलेलं नाही. आणि ती भिंत इमारतीच्या बाहेरच्या बाजूची, पश्चिमेची आहे.

जमेल. मी बँकेत नोकरी करते, आमच्याकडे सुतारकामाशी कुणाचा संबंध नाही. तरी पुण्यातल्या आमच्या हॉलची १० फूट २ इंच रुंद आणि ९ फूट उंच भिंत मी आणि सासूबाईंनी पाच शनिवार-रविवारांत पूर्ण केली. पण तुम्ही जाता जाता लिहिलेलं ते 'पश्चिमेची बाहेरची भिंत' वाचून मी थांबले. लाकूड कुठलं घ्यायचं हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

का ते सांगते. हॉलच्या आधी आम्ही बेडरूमची भिंत केली होती. ती बाथरूमला लागून आहे. मे महिन्यात कोरडी ठणठणीत दिसत होती, म्हणून एमडीएफच्या पट्ट्या आणल्या आणि गोंद लावून थेट भिंतीवर चिकटवल्या. दोन दिवसांत काम झालं, सगळ्यांनी कौतुक केलं. गणपतीपर्यंत खालच्या चार पट्ट्या फुगल्या. एक ओढून काढली तर तिच्यासोबत प्लास्टरचा खपला आला आणि मागे काळी बुरशी. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदात दाबून केलेली फळी, तिने एकदा पाणी प्यायलं की ती पुन्हा बसत नाही. सगळं उतरवावं लागलं. भिंतीची ओल आधीपासून होती, मी ती फक्त झाकली होती.

म्हणून आधी ही चाचणी करा. जाडसर पारदर्शक प्लास्टिकचा दोन फुटी चौकोन घ्या आणि चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला पक्क्या बंद करा. असे दोन तुकडे लावा, एक फरशीपासून फूटभर वर आणि एक खिडकीच्या कोपऱ्याजवळ. तीन दिवस हात लावू नका. नंतर थेंब प्लास्टिकच्या आतल्या अंगाला, म्हणजे भिंतीकडे दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या अंगाला असतील तर ती खोलीतल्या हवेतली ओल आहे. शिवाय रंगाचे पापुद्रे, पांढरा लोणा, टिचकी मारल्यावर पोकळ वाजणारं प्लास्टर, हेही बघा. ठाण्यात पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून बारीक तडा असला तरी पाणी आत झिरपतं. त्याचा इलाज बाहेरूनच करायचा, तडे भरून आणि वॉटरप्रूफ रंग देऊन, आणि बाहेरची बाजू सोसायटीची असते म्हणून आधी त्यांच्याशी बोलून. आतून लाकूड लावणं हा ओलीवरचा उपाय नाही. मागे हवेला जागा ठेवली तरी नाही.

भिंत कोरडी ठरली की पुढचं सगळं शिकता येण्यासारखं आहे.

लाकडात मी नवख्या माणसाला पाइनच्या खाच-जीभवाल्या पट्ट्या सुचवेन. पट्टीच्या एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला जीभ असते, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते. प्रत्येक पट्टी हलकी असते, एखादी चुकीची कापली गेली तर तेवढीच वाया जाते. आठ बाय चार फुटांचा, व्हिनियर म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ थर लावलेला प्लाय दिसतो सुंदर, पण तो एकट्याला नीट उचलवत नाही आणि त्याचा एक काप वाकडा गेला की पूर्ण शीट गेली. प्लायच घ्यायचा असेल तर पावसाळी भागात आयएस ७१० शिक्का असलेला, उकळत्या पाण्याला टिकणारा घ्या. आयएस ३०३ मधला एमआर ग्रेड कोरड्या खोलीसाठी ठीक असतो. हल्ली मिळणारी नालीदार प्लास्टिकची लूव्हर्स ओलीला घाबरत नाहीत आणि कापायलाही सोपी असतात. पण हाताखाली लाकूड लागत नाही, आणि मला तर त्याच स्पर्शासाठी हे करायचं होतं.

हिशेब असा करा. आमची भिंत साधारण ९२ चौरस फूट. कापण्यात जाईल म्हणून दहा टक्के जास्त धरले, म्हणजे १०० चौरस फूट पट्ट्या. पट्ट्या उभ्या लावायच्या असतील तर मागच्या रिपा, म्हणजे आधी भिंतीला स्क्रूने बसवायच्या लाकडी काठ्या, आडव्या लागतात. दोन इंच रुंद आणि एक इंच जाड रिपा दीड-दीड फुटावर लावल्या तर ९ फूट उंचीत सात ओळी होतात, म्हणजे ७० फुटांहून थोड्या जास्त. प्रत्येक ओळीत दीड फुटावर एक स्क्रू धरला तर आठ, म्हणजे सगळ्या मिळून ५६ भोकं. हा आकडा आधीच डोक्यात असू द्या. भोकं पाडायला आमचे दोन पूर्ण दिवस गेले, आणि सोसायटीत दुपारी २ ते ४ आवाज बंद असतो.

भांडी-कपडे आवरून झाले की सासूबाई माझ्यासोबत भिंतीशी उभ्या राहायच्या. वर्तमानपत्राचा कागद खिशासारखा दुमडून प्रत्येक भोकाखाली चिकटपट्टीने लावायचा, ही त्यांचीच युक्ती, त्यामुळे फरशीवर कण सांडला नाही. त्या कागदाकडे नीट बघत चला, कारण भिंतीच्या पोटात काय आहे ते तिथेच कळतं. आधी राखाडी भुकटी पडते, ते प्लास्टर, साधारण अर्धा इंच. मग लाल भुकटी सुरू होते, म्हणजे ड्रिल विटेत पोचलं. राखाडीच पडत राहिली आणि ड्रिल पुढे सरकायला तयार नसेल तर तिथे काँक्रीटचा कॉलम किंवा बीम आहे. तिथे जोर लावू नका, मोठं रोटरी हॅमर भाड्याने आणा. आणि पांढरी मऊ पिठासारखी भुकटी पडून ड्रिल लोण्यात जावं तसं गेलं तर भिंत हलक्या ब्लॉकची आहे. नव्या इमारतींत असे ब्लॉक खूप वापरतात. साधी गिट्टी, म्हणजे स्क्रू पकडायला भोकात घालतात ती प्लास्टिकची नळी, त्यात फिरत राहते, त्या ब्लॉकसाठीची वेगळी गिट्टी मागा.

विटेच्या भिंतीला आम्ही ८ मिलिमीटरचा बिट आणि ५० मिलिमीटर लांब गिट्टी वापरली. स्क्रू ७५ मिलिमीटरचे. एक इंच रिपेत जातो, अर्धा इंच प्लास्टरमध्ये, उरलेला विटेत. प्लास्टरला स्वतःची ताकद नाही, स्क्रू विटेपर्यंत गेलाच पाहिजे. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली किंवा त्याच पातळीत आडवं भोक पाडू नका, कारण कन्सील्ड वायरिंगचे पाइप बहुतेक अशाच सरळ रेषांत गेलेले असतात. पॅनेलिंगमुळे भिंत दीड इंच पुढे येते, म्हणून स्विचबोर्डाची पेटीही पुढे घ्यावी लागते. ते काम वायरमनकडून करून घ्या आणि पेटी आणि पट्टीच्या मध्ये उघडं लाकूड राहणार नाही एवढं बघा.

आता भिंतीच्या वाकडेपणाबद्दल. आमच्या चौकातल्या सुतारकाकांकडे रिपा कापून घ्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, ओळंबा सोडलाय का?" म्हणजे वजन बांधलेली दोरी टांगून भिंत उभी सरळ आहे का ते बघितलंय का. मी नव्हता सोडला. घरी येऊन सोडला, दोन टोकांना खिळे मारून आडवा दोराही ताणला, तर भिंत मधोमध तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे आलेली. नुसत्या डोळ्यांना ती सरळच दिसते, पण तिच्यावर सरळ पट्ट्या आल्या की पोट लगेच दिसतं. इलाज सोपा आहे. जिथे भिंत सर्वांत पुढे आहे तिथली रिप आधी लावायची, बाकीच्या रिपांमागे लॅमिनेटचे नाहीतर पातळ प्लायचे तुकडे घालून त्यांना तिच्या पातळीत आणायचं. तुकडे अगदी स्क्रूपाशीच घाला, नाहीतर स्क्रू आवळताना रिप आत वाकते. सातही रिपांना दोरा सारखा टेकेपर्यंत आम्ही एकही पट्टी हातात घेतली नाही. यात एक अख्खा रविवार गेला, पण त्यानंतर पट्ट्या भराभर बसत गेल्या.

रिपांच्या मागच्या अंगाला वाळवीचं औषध आधीच लावा, हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या ठेवून. प्रत्येक आडव्या रिपेत मध्ये कुठेतरी दोन इंचांची फट सोडा म्हणजे मागे हवा वर-खाली फिरते.

पट्ट्या घरी आल्यावर लगेच लावू नका. आठवडाभर त्याच खोलीत आडव्या ठेवा, थरांमध्ये बारीक काड्या घालून. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं. म्हणून पॉलिशचा निदान पहिला हात पट्ट्या भिंतीवर बसवण्याआधीच मारायचा, आणि तो जिभेवरही. नाहीतर मार्चमध्ये पट्ट्या आक्रसल्या की प्रत्येक सांध्यात कच्च्या लाकडाची पांढरी रेघ दिसते. पाइनच्या गाठींतून राळ येऊन डाग पडतात, त्यांच्यावर आधी लाखदाण्याच्या पॉलिशचा हात द्या.

पट्ट्यांची वाटणी कागदावर करा. आमची भिंत १२२ इंच, पट्टी बसल्यावर दिसणारी रुंदी ४ इंच. डावीकडून सुरुवात केली असती तर ३० पट्ट्यांनंतर शेवटी दोन इंचांची चिंधी उरली असती. त्याऐवजी मध्ये २९ पूर्ण आणि दोन्ही टोकांना तीन-तीन इंच केलं, भिंत दोन्हीकडून सारखी दिसते. कडेच्या पट्ट्यांतून फुगण्यापुरती पाव-पाव इंचाची जागा सोडली, ती नंतर बारीक गोल्याखाली, म्हणजे कडेला लावायच्या गोलसर लाकडी पट्टीखाली, झाकली गेली.

पहिली पट्टी ओळंब्याला लावा, कोपऱ्याला नाही. कोपरा वाकडा असतो, त्याला धरून गेलात तर तो वाकडेपणा शेवटच्या पट्टीपर्यंत वाढत जातो. खिळे बारीक, बिनडोक्याचे, दीड इंची. जिभेच्या मुळाशी तिरके मारायचे म्हणजे पुढच्या पट्टीच्या खाचेत लपतात. प्रत्येक पट्टीला याच एका कडेला खिळा द्या, दुसरी कड खाचेत मोकळी राहू दे. जुन्या वाड्यांच्या तक्तपोशीत, म्हणजे लाकडी छतात, फळ्यांच्या सांध्यांवर पट्टी मारलेली दिसते. सुतारकाका म्हणाले, "ती पट्टी दोन्ही फळ्यांना ठोकायची नसते. लाकडाला श्वास घ्यायला जागा लागते." मला तेव्हाच ही एका कडेच्या खिळ्याची गोष्ट पटली. टोकाजवळ खिळा मारण्याआधी दीड मिलिमीटरचं भोक पाडून घ्या, नाहीतर पाइन हमखास चिरतं.

एक गोष्ट व्हिडिओंमध्ये मला कुठे दिसली नाही. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसतात. पट्टीचं कापलेलं तोंड खाली फरशीला टेकलं असेल तर ते रोज पाणी पितं. म्हणून पट्टी फरशीपासून अर्धा इंच वर थांबवा आणि खालच्या तोंडाला पॉलिशचे दोन-तीन हात भरपूर पाजा.

त्या भिंतीवर पुढे कधी टीव्ही येणार असेल तर त्या जागी रिपांच्या मध्ये १८ मिलिमीटरचा प्लाय भिंतीला पक्का बसवून ठेवा आणि ब्रॅकेटचे लांब बोल्ट त्यातून विटेत जाऊ द्या. अर्ध्या इंचाच्या पट्टीवर टीव्हीचा भार टाकू नका. त्या जागेचा मापांसकट फोटोही काढून ठेवा, झाकल्यावर काही आठवत नाही.

तुमचा प्रश्न भर जुलैत आला हे चांगलंच आहे. भिंतीचं खरं रूप आत्ताच दिसेल. प्लास्टिकचे दोन तुकडे आज संध्याकाळी लावा, एखादा मुसळधार आठवडा जाऊ द्या आणि पुन्हा एकदा लावा. दोन्ही वेळा आतून कोरडं निघालं तर लाकूड दिवाळीनंतर आणा, नोव्हेंबर-डिसेंबरमधली हवा ना फार दमट ना फार कोरडी. थेंब निघाले तर सोफा हलवून आतल्या बाजूची एखादी भिंत मिळते का बघा. हॉलचा नकाशा आणि चाचणीचा फोटो इथे टाकलात तर रिपांची मांडणी मी काढून देईन.