गोव्यात ट्रान्स वाजवणाऱ्या डीजेचे आता कसे चालते?

गोव्यातील ट्रान्सचे, म्हणजे सलग ठोक्यांवर नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचे, दिवस सरत आल्यासारखे दिसत असताना तेथे डीजे म्हणून टिकून राहणे कसे असते, असे आपण विचारले आहे. मी म्हापशाचा असून २००३ पासून हणजूण-वागातोर पट्ट्यात वाजवतो.

माझ्या मते आमच्या हातून गेली ती रात्र. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही हा निर्बंध उचलून धरला. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण तेवढ्यावर कोणाचे पोट भरत नाही. (पूर्वी हा नियम कितपत पाळला जाई, हे आपण विचारलेले नाही, म्हणून मीही सांगत नाही.)

इतर नाचाच्या संगीताला दहाची वेळ चालून जाते. ट्रान्सची मात्र बांधणीच अख्ख्या रात्रीची आहे. मध्यरात्रीनंतर मिनिटाला १४५ ठोक्यांच्या आसपास काळोखे, दाट संगीत चालते आणि उजाडू लागले की सुरावट मोकळी होत जाते. ज्यांनी पेडण्यात किंवा सावंतवाडीकडे दशावतार पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको, कारण आडदशावतारापासून, म्हणजे सुरुवातीच्या भागापासून, चढत गेलेला तो खेळ दहीकाल्याच्या पहाटे हंडी फुटते तेव्हाच पुरा होतो. जुने डीजे डॅट टेपवर, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटवर, वाजवत, कारण येथल्या उन्हात आणि धुळीत विनाइलच्या तबकड्या टिकत नसत. डॅटचा वेग कमीजास्त करता येत नसल्यामुळे ठोक्याला ठोका जुळवणे साधत नसे. म्हणून रचनांच्या सुरुवातीला आणि शेवटी ठोक्याविना लांबलचक सूर ठेवले जात, आणि एक रचना ओसरत असताना दुसरी हळूच वर येई. ही सावकाश चढण आता मला दीड तासात बसवावी लागते. सकाळसाठी राखलेले तुकडे मी सूर्यास्ताला वाजवतो, म्हणजे तिन्हीसांजेला भूपाळी म्हणण्यासारखेच ते आहे.

कमाईचे थोडक्यात सांगतो. माझे घर हॉटेलांतल्या लग्नांवर चालते, आणि एका रेस्टॉरंटमालकाने तर दोन हंगामांचे मानधन बुडवले आहे. कांदोळीत २००७ साली सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा मोठा महोत्सव सुरू झाल्यानंतर तरुणांची ओढ मोठ्या रंगमंचाकडे वळली, असे माझे निरीक्षण आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नियमालाही मला सरसकट दोष देता येत नाही. माझ्या मावशीचे घर वागातोरला आहे आणि पूर्वी हंगामभर तिच्या खिडक्यांची तावदाने पहाटेपर्यंत थरथरत असत.

बंदिस्त जागेला या निर्बंधातून काही सूट आहे, म्हणून आम्ही तिघे महिन्यातून एकदा एका ध्वनिरोधक खोलीत रात्रभर वाजवतो. चाळीस माणसे मावतात. गेल्या खेपेला सव्वीस आली आणि त्यांतली अकरा शेवटपर्यंत थांबली. आपण डीजे म्हणून येण्याचा विचार करत असाल, तर हातची नोकरी न सोडता आधी अशा एखाद्या रात्री येऊन बसावे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्या खोलीला खिडकी ठेवलेली नाही. उजाडले की नाही हे मी घड्याळात पाहतो आणि मग सकाळचे तुकडे लावतो.