संवाद नसलेल्या कोड्यांच्या गेममध्ये गोष्ट कुठे असते?

ती तुमच्या हातून घडते, म्हणून तर भिडते. २०२१ चा 'अनपॅकिंग' घ्या. मी तो मे महिन्यात, नागपूरच्या रणरणत्या दुपारी कूलरसमोर बसून खेळले. खोक्यांतलं सामान काढून घरात लावायचं, बस. १९९७ ते २०१८ या काळातली एका मुलीची घरं, आणि ती स्वतः खेळताना कुठेच दिसत नाही! २०१० मध्ये ती प्रियकराच्या घरी राहायला जाते. तिथे तिच्या पदवीच्या फ्रेमला भिंतीवर जागाच नाही. शेवटी ती पलंगाखाली सरकवावी लागते, आणि तीही आपणच सरकवायची. मी कितीतरी वेळ थांबले. नागपूरच्या महाल भागातलं घर सोडून आम्ही मनीषनगरला आलो, तेव्हा आईचं शिलाई मशीन असंच जिन्याखाली गेलं होतं.