रस्त्याचं आधी बघा, तंबू नंतर घ्या

नमस्कार. पर्यटकांसाठी टेंट टाकण्याबद्दलचे तुमचे तिन्ही प्रश्न वाचले. डोम (घुमटाच्या आकाराचे तंबू) घ्यावेत की स्विस टेंट (कापडी खोलीसारखे तंबू), सहा युनिटना खर्च किती, आणि 31 डिसेंबरच्या आत सुरू होईल का. पण मी अडकलो ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या ओळीवर. दीड एकर वडिलोपार्जित जमीन, पवना धरणाच्या वरच्या अंगाला, आणि 'शेवटचा शंभरेक मीटर रस्ता शेजारच्या काकांच्या शेतातून आहे, पण काकांची काही हरकत नाही.' 2018 साली मी माझ्या भावाला फोनवर हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत.

माझी जागा भोर तालुक्यात, भाटघरच्या बॅकवॉटरला. शेजारचे आबा वडिलांचे जुने स्नेही. त्यांच्या बांधावरून आमची बैलगाडी आणि पुढे ट्रॅक्टर मिळून चाळीस वर्षं ये-जा होती. टेंट टाकायचं ठरल्यावर पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. म्हणाले, "अरे, रस्ता तुझाच आहे, विचारतोस काय?" एवढ्या बोलण्यावर मी त्यांच्या रानात स्वतःच्या पैशानं मुरूम टाकला, रोलर फिरवला, ओढ्यावर दोन सिमेंटचे पाइप घातले. दिवाळीत पहिले पाहुणे आले. फेब्रुवारीत आबा गेले.

एप्रिलमधला शनिवार होता, संध्याकाळचे साडेपाच. पाच गाड्या एकामागे एक उभ्या, आणि पुढे रस्त्यावर बोरीच्या काट्या आडव्या टाकलेल्या. काट्यांच्या मागे दोन खांब रोवलेले, बुडाशी माती अजून ओली. दुसऱ्या गाडीत सहा महिन्यांचं बाळ होतं, त्याची आई पुठ्ठ्यानं त्याला वारा घालत होती. आम्ही बॅगा डोक्यावर घेऊन ओढ्याच्या कडेनं नेल्या. दोन कुटुंबं तिथूनच परत गेली. त्यांचे पैसे दिले, पण त्यांनी जे लिहायचं ते लिहिलंच.

आबांच्या मुलांना मी तेव्हाही दोष दिला नाही. रात्री अकराला हॉर्न वाजत होते, गाडी वळवताना चाक पिकात जात होतं. आणि खरं म्हणजे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. सातबारावर तीन मुलगे आणि दोन मुली अशी वारसनोंद झाली. मी विचारलं होतं एका आबांना.

यानंतर जे केलं ते मला सगळ्यात महाग पडलं. मी एका कचेरीत गेलो. कोणती ते लिहीत नाही. तिथे सांगितलं, "कलम 143 खाली अर्ज करा, रस्ता मिळून जातो." महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 चं हे कलम बांधावरून रस्ता देतं हे खरं. पण ते कसणाऱ्याला आपल्या शेतात जाता यावं यासाठी आहे. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी नाही. माझ्या अर्जात पहिल्याच परिच्छेदात 'पर्यटन व्यवसायासाठी' असं लिहिलेलं होतं. तो अर्ज त्या टेबलावरच्या माणसानं वाचून, शिक्का मारून घेतला. एका शब्दानं बोलला नाही. मग तारखा सुरू झाल्या. कधी साहेब दौऱ्यावर, कधी स्थळपाहणीचा अहवाल आला नाही, मधे टाळेबंदी. एकोणीस महिन्यांनी आदेश हातात पडला. मागणी शेतीच्या कारणासाठी नाही, सबब अर्ज नामंजूर. जे पहिल्या दिवशी दोन मिनिटांत सांगता आलं असतं त्यासाठी माझे दोन हंगाम गेले. टेंट घडी घालून गोठ्यात पडले होते, त्यातल्या दोनांना उंदरांनी भोकं पाडली. अजून आठवलं की संताप होतो, म्हणून एवढं लांबलं.

मग ती पट्टी विकतच घ्यावी म्हटलं, तर तुकडेबंदी आडवी आली. तीन-चार गुंठ्यांचा तुकडा शेतजमिनीतून सुटा घेता येत नव्हता. (2024 मध्ये विहीर, शेतरस्ता अशा कारणांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं लहान तुकडा घेण्याची तरतूद आली आहे. तुमच्या वापराला ती लागू पडते का, हे वकिलालाच विचारा.)

शेवटी सुटलं ते घरात बसून. आबांच्या थोरल्या सुनेनं पुढाकार घेतला, दोन्ही लेकी माहेरी आल्या, आणि पाचही जणांच्या सह्यांनी वहिवाटीच्या हक्काचा दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवला. त्यात रुंदी लिहिली, गट नंबर आणि नकाशा जोडला, 'व्यवसायासाठी येणाऱ्या वाहनांसह' हे शब्द घातले, रात्री दहानंतर गाडी नाही ही त्यांची अट घातली, आणि हक्क दोन्हीकडच्या वारसांना बांधील राहील असंही लिहिलं. मग फेरफार करून त्यांच्या सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात नोंद घेतली. मोबदला दिला, आणि धाकट्या मुलाला बोटीचं व जेवणाचं काम दिलं. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त उपयोगी पडली.

मी वकील नाही. तुमच्या सातबारावर कूळ, इनाम, पुनर्वसन असं काही असेल तर सगळंच बदलतं. पवनेकडे आणखी एक बघा. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर जी गवताची सुंदर पट्टी उघडी पडते ती बहुधा धरणासाठी संपादित झालेली असते, तुमच्या बांधाला लागून असली तरी. तिथे टेंट लावणारे बरेच दिसतील. तुम्ही लावू नका. मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करा, पूररेषा जलसंपदा विभागाकडून घ्या.

आता टेंटचं. माझं स्पष्ट मत, स्विस टेंट. डोम फोटोत छान दिसतो, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी आत थांबवत नाही. वर शेडनेट ताणलं तर फोटो गेला, आणि एसी लावला तर बिल. घ्यायचाच तर एखादा घ्या आणि त्याची पारदर्शक बाजू पश्चिमेला ठेवू नका. सुती कॅनव्हासचे बेल टेंट मावळच्या पावसात ठेवायचेच नाहीत. जूनच्या आत कोरडे करून उतरवायचे, नाहीतर श्रावणापर्यंत काळी बुरशी धरते आणि ती जात नाही. चौथरा जांभ्याचा करा, जमिनीपासून दीड फूट तरी वर. वरच्या अंगाला चर खणा. खर्चाचं म्हणाल तर टेंटपेक्षा संडास-बाथरूम, सेप्टिक टँक आणि पाण्यावर जास्त जातो, त्यामुळे सहाऐवजी तीन युनिटनी सुरुवात करा.

वीज शेतीपंपाच्या मीटरवरून ओढू नका. सगळे ओढतात, मला माहीत आहे. पण वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दरानं आकारणी होते. तुम्ही स्वतः शेतकरी आहात, एकराच्या वर जमीन आहे, तर 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा. जेवण देणार असाल तर अन्नपरवान्याची नोंदणी लागते. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची (पूर्वी यालाच सी फॉर्म म्हणत), हे विसरू नका.

आणि कुठल्याही कचेरीत तोंडी उत्तर घेऊन परतू नका. अर्ज द्या, प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. महिनाभर काही हललं नाही तर माहितीच्या अधिकारात त्या अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारा. दहा रुपयांचं काम आहे. ते मी सतराव्या महिन्यात केलं आणि पुढच्या पाच आठवड्यांत आदेश निघाला.

31 डिसेंबरचं बुकिंग मात्र आत्ता घेऊ नका. काकांकडे या रविवारी जा, त्यांचा सातबारा आणि फेरफार आधी ऑनलाइन काढून घ्या, आणि त्यावर जेवढी नावं असतील तेवढ्यांना एकत्र बसवा. बहिणींनाही. दस्ताला काय काय लिहावं याबद्दल अडलं तर विचारा, माझ्या दस्तातल्या अटी जशाच्या तशा सांगतो.