काचेचं घर काढण्याआधी
अरे, कोकणात घर बांधतोयस आणि चारही बाजूंनी काच? थांब जरा. वास्तुविशारद फिलिप जॉन्सनचं १९४९ चं काचघर अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या थंड हवेतलं, ते इथे चालायचं नाही. त्यापेक्षा वास्तुविशारद लीना बो बार्दीचं ब्राझीलमधल्या साओ पावलोतलं १९५१ चं घर बघ. पुढची बैठक काचेची, बारीक खांबांवर उचललेली, मधल्या चौकातून झाड वर गेलेलं. पण मागच्या खोल्यांना साध्या भिंती! फोटोत त्या सहसा दिसत नाहीत.

काचेतून ऊन आत शिरतं, तापलेल्या फरशीची धग मात्र सहज बाहेर पडत नाही. म्हणून पश्चिमेला भिंतच घाल. उत्तरेला काच लाव, पण छप्पर चारेक फूट बाहेर काढ. पावसाची झड तिरकी येते. सरकती खिडकी अर्धीच उघडते, बिजागरीची घे. आणि मच्छरजाळी आत्ताच नकाशात धर.